जानेफळची पुष्पांजली

मयुरीला समताचा हेवा वाटत होता. ही गोष्ट घरात, वर्गात, गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आली होती. आली नव्हती ती फक्त समताच्या. आणि मयुरीला तेच जास्त झोंबायचं. आपण ज्याच्यावर जळतो त्याला थोडी तरी धग लागावी, एवढी माफक अपेक्षा कोणाचीही असते.

समता तिची सख्खी मावसबहीण, वर्षानं लहान. धाडजवळच्या खेड्यातल्या घराला कुलूप लावून समताचे आईवडील चाकणला कंपनीत कामाला गेले आणि पोरीची नववी-दहावी बुडू नये म्हणून जूनमध्ये तिला जानेफळला मावशीकडं ठेवून गेले. येताना तिनं एक कपड्यांची पिशवी, एक दप्तर आणि झिजलेल्या खिळ्यांचे बूट आणले होते. धाडच्या शाळेत ती पोरांबरोबर फुटबॉल खेळायची म्हणे. मयुरीच्या आईनं, सिंधूताईनं, ते बूट पहिल्याच दिवशी धुवून भिंतीला उभे करून वाळवले. मयुरीचे बूट गेली तीन वर्षं मयुरीच धूत होती.

मयुरी दहावीत होती. शाळेत मुलींचा संघ सुरू झाला तेव्हापासून मधली बॅक तीच आणि आठवीपासून कॅप्टनही तीच. मधली बॅक म्हणजे आपल्या गोलच्या तोंडाशी उभं राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारी. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांत मलकापूरनं जानेफळला सात गोल घातले, ते सगळे मयुरीच्या बाजूनंच गेले. बाकीच्या दहा जणी काय बाजार करायला आल्या होत्या का, असं ती विचारायची, पण रात्री पडल्या पडल्या ते सात गोल ती एकटीच मोजायची. यंदाचं वर्ष शेवटचं. शाळा दहावीपर्यंतच होती. मलकापूरला एकदा, फक्त एकदा हरवायचं आणि तेही कॅप्टन म्हणून, एवढं एकच तिला हवं होतं.

मध्ये ही समता आली. चंद्रशेखर सरांनी तिला जुलैत एकदा गंमत म्हणून मधल्या बॅकला उभं केलं आणि ऑगस्ट उजाडला तरी तिथून हलवलं नाही. मयुरीला उजव्या बाजूला सरकवलं. कारण विचारलं तर सर म्हणाले की, तू बॉल दिसला की धावतेस, ती माणसासमोर थांबते. सरांचं म्हणणं खरं होतं, म्हणून ते मयुरीला अजिबात पटलं नाही.

चंद्रशेखर सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉल ते नियमांचं पुस्तक वाचून आणि मोबाइलवर सामने बघून शिकले, पण डोकं कबड्डीचंच राहिलं. कबड्डीत मोठ्या संघाशी गाठ पडली की त्यांच्याकडची पद्धत ठरलेली असायची. समोरच्या चढाई करणाऱ्याला कोणीतरी आधी जाऊन बघून यायचं, त्याची खोड पाठ करायची, आणि मग आपल्याच एका गड्यानं रोज सरावात तो गडी व्हायचं. तसाच दम घ्यायचा, तसाच पाय टाकायचा. दहा-बारा दिवस त्याला पकडून पकडून सगळ्यांच्या अंगात ती खोड बसली, की खऱ्या गड्याला मैदानावर काही नवं उरत नाही. या माणसाला सर डमी म्हणायचे. फुटबॉलमध्ये असं कोणी करत असेल की नाही कोण जाणे, पण सरांनी यंदा तेच करायचं ठरवलं.

कारण मलकापूरकडं यंदा एक नवीन पोरगी आली होती. पुष्पांजली तिचं नाव. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. तालुक्याच्या दोन सामन्यांत तिनं नऊ गोल केल्याचं सरांना तिकडच्या एका शिक्षकानं फोनवर सांगितलं होतं. मलकापूरचा तालुक्याचा शेवटचा सामना सोमवारी होता आणि सरांना त्याच दिवशी मेहकरला निवडणुकीच्या याद्यांचं काम लागलं होतं. मयुरीचे वडील पुंजाजी एसटीत कंडक्टर, मेहकर-मलकापूर गाडीवर. तेव्हा मयुरीनं बाबांच्या गाडीनं जावं, सामना बघावा आणि त्याच गाडीनं परत यावं असं ठरलं. सर म्हणाले, हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मयुरीची छाती दोन बोटं वर आली. महत्त्वाच्या कामाला कॅप्टनच जायला पाहिजे, हे सरांना अजून कळतं तर, असं तिला वाटलं.

पहाटे पहिल्या गाडीनं ती बाबांबरोबर निघाली. मलकापूरला उतरल्यावर पुंजाजीनं तिला मैदानापर्यंत सोडलं, एक बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि आपल्या गाडीकडं परत गेला. मयुरी कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली.

पुष्पांजली दिसायला काहीच नव्हती. बारीक, सावळी, तेलानं चापून बसवलेल्या दोन वेण्या. पण पायात बॉल आला की समोरची बॅक येडी व्हायची. पहिल्या तीन गोलांपर्यंत मयुरीलाही काही उमगलं नाही. चौथ्याला तिनं बॉलकडं बघणंच सोडलं आणि नुसते पुष्पांजलीचे पाय बघितले. मग दिसलं. ती आपल्या उजव्या हाताला झुकायची, मानही उजवीकडं करायची, बॅक तिकडं गेली की दोन बारीक पावलं टाकायची आणि डावीकडून निघून जायची. दर वेळी डावीकडूनच. पोरगी डावखुरी होती आणि तिनं ते इतकं बेमालूम लपवलं होतं की आख्ख्या तालुक्याला कळलं नव्हतं. मयुरीला कळलं. भिंतीवर बसल्या बसल्या तिला इतका आनंद झाला की बिस्किटाचा पुडा फोडायचाही राहून गेला.

परतीच्या प्रवासात ती बाबांना तेच सांगत होती. पुंजाजी तिकिटं फाडता फाडता हूं हूं करत होता. दोन बारीक पावलं दिसली की तिच्या डाव्या हाताला सरकायचं, एवढं एक वाक्य पोरींच्या डोक्यात घातलं की मलकापूरचं काम तमाम. सर म्हणतील, शाब्बास. पोरी म्हणतील, मयुरीनं वाचवलं. चिखली येईपर्यंत तिनं सत्काराचं भाषणसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी पोचली तर घरात तुपाचा वास. सिंधूताईनं शिरा केला होता. मयुरीला वाटलं, आपल्यासाठीच. हातपाय धुवून बसली तोवर आईनं कारण सांगून टाकलं. जिल्ह्याच्या सामन्यांचा फॉर्म ऑनलाइन भरायची आज शेवटची तारीख होती. सरांनी मेहकरहूनच तो भरला आणि फोन करून नावं सांगितली. कॅप्टन समता. मधली बॅक समता. मयुरीचं नाव राखीव खेळाडूंत, कारण डमीचं काम तिच्याकडं राहणार होतं आणि डमीला रोज दुसऱ्या बाजूनं खेळावं लागतं.

"तुह्यासाठी वाटी झाकून ठेवली आहे," सिंधूताई म्हणाली. "तिनंच ठेवाले लावली. मयुरीताई आल्याबिगर खाणार नाही म्हणे."

समता चुलीपाशी हात पुसत उभी होती. तिच्या तोंडावर आनंद होता आणि तो आनंद लपवायची धडपडही होती. मयुरीनं शिरा खाल्ला. गोड लागत होता याचाही तिला राग आला. पोटात असं काही पेटलं होतं की त्यावर शिरा काय, ताकाचा माठ ओतला असता तरी विझलं नसतं. माझी आई, माझं घर, माझी जागा, माझी कॅप्टनची पट्टी. एकेक करून पोरीनं सगळं घेतलं, आणि वर शिऱ्याची वाटी राखून ठेवते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना मैदानालगतच्या फरशीवर गोल करून बसवलं. मयुरीला उभं केलं. पुष्पांजली कशी खेळते ते सांग म्हणाले. मयुरीनं सांगितलं, अगदी मन लावून सांगितलं. वेण्या, मान, झुकणं, दोन बारीक पावलं.

"अन् निघते कुठून?" सरांनी विचारलं.

तिच्या ओठांवर खरं तेच होतं. तेवढ्यात समता नीट ऐकू यावं म्हणून पुढं सरकली आणि दंडावरची कॅप्टनची पिवळी पट्टी वर ओढून घेतली. ती पट्टी सिंधूताईनं दोन वर्षांपूर्वी ब्लाउजपीसच्या तुकड्यातून शिवली होती, मयुरीच्या दंडाच्या मापानं. समताला ती ढिली होत होती.

"उजवीकडून," मयुरी म्हणाली. "डावीकडं झुकते अन् उजवीकडून निघते."

बोलली आणि तिची तिलाच जरा थंडी वाजली. पण सरांनी लगेच खडूनं फरशीवर बाण काढला, पोरींनी माना डोलावल्या, आणि तो बाण तसाच राहिला. खोटं बोलायला एक शब्द लागला. ते मागं घ्यायला मात्र सगळ्यांसमोर पुन्हा उभं राहावं लागणार होतं, आणि तेवढं मयुरीच्यानं झालं नाही.

त्या दिवसापासून बारा दिवस ती पुष्पांजली झाली. आठवीची चार पोरं, राखीव पोरी आणि ती, असा मलकापूरचा संघ करून सर रोज पाच वाजता सामना लावायचे. पोरी तिला पुष्पे म्हणून हाका मारू लागल्या. पुष्पे, पास दे. पुष्पे, सुटली बघ. पहिले दोन दिवस तिनं समताला सहज चुकवलं. डावीकडं झुकायचं, दोन बारीक पावलं, की उजवीकडून सुसाट. समता तोंडघशी पडायची, उठून कपडे झटकायची आणि म्हणायची, पुन्हा एकदा कर ताई. त्या दोन दिवसांइतकी मजा मयुरीला गेल्या तीन वर्षांत आली नव्हती.

पण समता शिकायची. तिसऱ्या दिवशी तिनं एकदा अडवलं. पाचव्या दिवशी चारदा. आठव्या दिवशी मयुरीचं एक पाऊल बारीक पडलं की समता तिच्या उजव्या हाताला येऊन उभीच असायची, बॉल काढून घ्यायची आणि अर्पिताकडं पुढं मारायची. सर टाळ्या वाजवायचे. मयुरीची अवस्था विचित्र झाली होती. समता जितकी चांगली शिकत होती तितकी ती खड्ड्यात जात होती, आणि ते एकट्या मयुरीला दिसत होतं. तरी समताला शाबासकी मिळाली की मयुरीचा जीव खालीवर व्हायचाच. चुकीचं ते चुकीचं, पण तेही हिलाच एवढं चांगलं कसं येतं, असं तिला वाटायचं.

एकदा दोघी अभ्यासाला विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या. समतानं पुस्तक मिटलं आणि हळूच विचारलं, "ताई, एक विचारू? ती कधी उलटं नाही ना करत? कधी डावीकडून?"

मयुरी सांगू शकली असती. आजूबाजूला कोणी नव्हतं. सर नव्हते, पोरी नव्हत्या. मी घाईत उलटं सांगितलं ग, एवढं बोलली असती तरी निभावलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण समता पुढं म्हणाली की मावशी सांगत होती, मलकापूरले हरवलं तर मी सगळ्या गल्लीले जेवू घालीन. मावशी म्हणजे मयुरीची आई. गेल्या वर्षी सामन्याला निघताना हीच आई मयुरीला म्हणाली होती की, ड्रेस जास्त मळवू नको, धुवाले मलेच लागते.

"नाही करत," मयुरी म्हणाली. "म्यां माह्या डोळ्यानं पाह्यलं ना."

समतानं समाधानानं पुस्तक पुन्हा उघडलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र मयुरी सरांच्या खोलीपर्यंत गेली होती. सांगायचं असं पक्कं ठरवूनच गेली. सर जर्सीचे नंबर लावत बसले होते. तिला बघून हसले आणि म्हणाले, बरं झालं आलीस, ही पाच नंबरची समताला नेऊन दे. पाच नंबर मयुरीचा होता, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत. तिनं जर्सी घेतली आणि परत फिरली. वाटेत तिनं स्वतःची समजूत घातली. पुष्पांजली कशाला दर वेळी डावीकडूनच जाईल? भुसावळची शहाणी पोरगी आहे ती, बदलेल. आणि समता एवढी हुशार आहे ना, मग मैदानावर बघून घेईल. हुशार माणसाला डमी कशाला लागते?

बुलढाण्याला ते क्रूझर जीप करून गेले. सोळा पोरी, सर आणि ड्रायव्हर एकमेकांच्या मांडीवर. सामना अकराला लागला. मयुरी राखीव पोरींत, मैदानाच्या कडेला बसली.

आठव्या मिनिटाला पुष्पांजलीच्या पायात बॉल आला. समता बरोबर समोर. पुष्पांजली उजवीकडं झुकली, समताला हेच अपेक्षित नव्हतं, ती क्षणभर अडखळली. मग दोन बारीक पावलं पडली. आणि समता बारा दिवसांच्या सवयीनं पुष्पांजलीच्या उजव्या हाताला धावली. डावीकडं सगळं मैदान मोकळं पडलं होतं. पुष्पांजली आरामात गेली आणि गोल झाला.

सर कडेनं ओरडत होते, पावलं बघ, तिची पावलं बघ. समता त्यांच्याकडं बघून मान हलवत होती आणि दर वेळी तेच करत होती. दुसरा गोलही अगदी तसाच. मलकापूरच्या पोरी हसायला लागल्या. बघायला आलेली दोन-चार माणसं म्हणाली, ही बॅक काय आंधळी आहे का? तिसरा फटका खांबाला लागून परत आला म्हणून वाचलं. मयुरी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिला वाटलं होतं, समता पडताना बघून आपल्याला बरं वाटेल. पहिल्या गोलाला वाटलंही, खरं सांगायचं तर. दुसऱ्या गोलानंतर समतानं मागं वळून मयुरीकडं बघितलं, काय चुकतं ते ताईनं सांगावं म्हणून बघितलं, आणि मयुरीनं मान खाली घातली.

मध्यंतरात सर चिडले होते. बारा दिवस काय गवत उपटत होतीस का, म्हणाले. समताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नीट होता.

"सर, चूक माहीच आहे," ती म्हणाली. "ताईनं बरोबर शिकवलं. मलेच जमून नाही राह्यलं. ताईले आत पाठवा."

सरांनी एक क्षण विचार केला आणि मयुरीला जर्सी चढवायला सांगितलं. समतानं दंडावरची पट्टी काढली आणि स्वतःच मयुरीच्या दंडात घातली. मयुरीला ती घट्ट बसली, जशी बसायला हवी तशी.

दुसऱ्या डावात पुष्पांजली पहिल्यांदा आली तेव्हा मयुरी बॉलकडं धावली नाही. थांबली. झुकण्याला फसली नाही. दोन बारीक पावलं पडली आणि ती पुष्पांजलीच्या डाव्या हाताला सरकली, बॉल तिच्या पायात येऊन पडल्यासारखा आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पुष्पांजली तिच्या अंगावर आदळून खाली बसली आणि चकित होऊन बघत राहिली. कडेला सर नाचायचे बाकी होते. एकदा मयुरीनं अडवलेला बॉल लांब मारला, अर्पिता त्यावर धावली आणि जानेफळचा गोल झाला. मलकापूरवर जानेफळनं घातलेला हा पहिला गोल. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर बरोबरीही झाली असती. पण शिट्टी झाली. दोनास एक.

हरूनसुद्धा पोरींनी मयुरीला उचलून घेतलं. मलकापूरला यंदा जिल्ह्यात पहिला गोल बसला होता आणि पुष्पांजलीला अर्धा सामना कोरडं ठेवणारी पहिली बॅक जानेफळची निघाली होती. मयुरीला जे जे हवं होतं ते सगळं तीस मिनिटांत तिच्याकडं परत आलं.

ती पाण्याच्या टाकीवर तोंड धुवायला गेली. समता तिथं बाटल्या भरत होती. मागून पुष्पांजली आली, घामानं वेण्या सुटलेल्या.

"ए, तुले कसं समजलं?" ती मयुरीला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं कौतुक होतं. "मी डावीकडून निघते हे भुसावळलेबी कोणाले नाही समजलं. तू पह्यल्याच खेपेले धरलं. कुठी पाह्यलं होतं का मले?"

मयुरीनं काहीतरी पुटपुटून तोंडावर पाणी मारलं. पुष्पांजली गेली. समताच्या हातातली बाटली भरून वाहत होती. तिनं नळ बंद केला.

"ताई," ती म्हणाली, "तुले माहीत होतं."

मयुरीनं जर्सीच्या टोकानं तोंड पुसलं. जितका वेळ पुसता येईल तितका वेळ पुसलं.

"हाव."

"काऊन केलं मग?"

याचं उत्तर मयुरीकडं होतं. गेले तीन महिने दुसरं काही नव्हतंच तिच्याकडं. पण ते समताच्या समोर उभं राहून, तिच्या त्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडं बघत सांगायचं म्हटलं तर ते फारच लहान निघालं. शिरा, बूट, एक पिवळी पट्टी. समतानं बाटल्यांना झाकणं लावली आणि सगळ्या एकटीनंच उचलून जीपकडं नेल्या.

जीप निघाली. चिखली गेल्यावर सरांनी पुढच्या सीटवरून मागं वळून बोलायला सुरुवात केली. आपली चूक झाली म्हणाले. मयुरीला बाहेर बसवायला नको होतं. ती अर्धा तास कडेला बसली आणि तेवढ्यात तिनं पुष्पांजलीचा बदललेला डाव ओळखला, आत असलेल्या समताला मात्र तो शेवटपर्यंत दिसला नाही. पाय सगळ्यांनाच असतात, मधल्या बॅकला डोळे लागतात. मग ते समताकडं बघून, फार कडक नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या वर्षी तुले साइडले खेळवू. मधात तुह्याच्यानं नाही होत."

समता खिडकीशी बसली होती. ती एक शब्द बोलली असती तर सगळं तिथंच उलटलं असतं. ती बोलली नाही. मयुरीकडं बघितलंही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेरची शेतं बघत राहिली. आणि तिला तसं बघताना मयुरीच्या पोटात पुन्हा तेच पेटलं. पट्टी आपल्या दंडात आहे, शाबासकी आपल्या नावावर आहे, हिच्याजवळ काही म्हणजे काही उरलेलं नाही, तरी ही अशी बसू शकते. आपल्याला आता असं कधी बसता येणार नाही. तिला समताच्या त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटला.

तो सहन होईना, म्हणून ती बोलली.

"सर, समताची चूक नाही. मीच तिले उलटं शिकवलं."

पोरींच्या माना तिच्याकडं वळल्या. मग सरांचा चेहरा पाघळला.

"पाहा," ते पोरींना म्हणाले. "बहिणीसाठी स्वतःवर घेऊन राह्यली. याले म्हणतात कॅप्टन."

"नाही सर, खरंच. मी मुद्दाम..."

"पुरे आता," सर म्हणाले, आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मग अर्पितानं वाजवली, मग सगळ्यांनी. एवढ्या अडचणीत कोपरं हलवायला जागा नव्हती, तरी पोरी वाजवत राहिल्या. कोणीतरी मागून मयुरीचे खांदे दाबले.

तिसऱ्यांदा सांगता आलं असतं. टाळ्या थांबल्यावर, आवाज चढवून, पुष्पांजलीचं नाव घेऊन सांगता आलं असतं, आणि मग सरांना ऐकावंच लागलं असतं. मयुरीनं टाळ्या थांबायची वाट बघितली. त्या थांबल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्या आणखी थोडा वेळ चालल्या असत्या तर बरं झालं असतं, आणि ती काही बोलली नाही.